पावण्याला पाणी किती द्यावं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रंगपंचमीचा दुसरा दिवस

सुभेदार (निवृत्त, पण परतीचा रस्ता विसरलेले) चिरंजीव अमरसिंह यांस जोतीरामदाजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या आक्काचा उजवा गुडघा पायरी चढताना कुरकुरतो, उतरताना मात्र गप्प असतो. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे वाढलेलं आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे वयाला शोभेल असं आहे. तुझा खोकला गेला का? तिकडं डोंगरावरचा बर्फ वितळला का? तू सांभाळतोस त्या गेस्ट हाऊसमध्ये पांढरा रस्सा करून पाहुण्यांना पाजणार होतास, त्याचं पुढं काय झालं? (पाहुणे अजून येतात का, हा त्यातला खरा प्रश्न.) सगळी खुशाली सविस्तर कळव, फोनवर तू 'मजेत' या एका शब्दात सगळं गुंडाळतोस. आता तू म्हणशील, फोन हातात असताना दाजीनं पोस्टाचं पाकीट का पाठवलं? त्याला कारण आहे आणि ते पत्राच्या शेवटी येईल. आधी शेवट वाचू नकोस. तू वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानावरून वाचतोस, म्हणून बजावून ठेवतो.

विषय तुझ्या झाडाचा आहे. तू दर रविवारी फोनवर विचारतोस, 'आक्का, झाड कसं हाय?' ती म्हणते, 'बरं हाय.' झालं. या 'बरं हाय'च्या पोटात काय काय दडलेलं असतं, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम माझ्याशिवाय कोण करणार? तेव्हा पहिल्यापासून ऐक. तीन-चार दिवाळ्यांपूर्वी तू भाऊबीजेला आलास तो बगलेत तुपाचा रिकामा डबा मारून. त्यात तो वीतभर काटकुळा लायलॅक, तुझ्या हिमाचलातलं फुलझाड. आक्कानं ओवाळलं, तू ताटात साडीच्या जागी डबा ठेवलास. (साडीबद्दल ती अजून काही बोललेली नाही, पण मी विसरलेलो नाही, कारण ती साडी मग मला घ्यावी लागली.) आक्कानं दरवर्षीचा प्रश्न विचारला, 'पेन्शन बसली की रं आता. कायमचा कवा येतोस?' तू डब्याकडं बोट दाखवून म्हणालास, 'ह्याला फूल आलं की त्याच दिवशी गाडीत बसतो. सुभेदाराचा शब्द हाय!' आम्ही सगळे हसलो. आक्का हसली नाही. तिनं डबा उचलला आणि विचारलं, 'पाणी किती घालायचं?'

तू गेल्यावर आठवड्याभरात मी रंकाळ्याकडच्या एका नर्सरीत चौकशीला गेलो. नर्सरीवाला आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, हे बर्फातलं झाड, इथं पानं येतील, फूल विसरा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सूर्य पश्चिमेला उगवला की येतो, असंच तू आम्हाला सांगून गेला होतास, फक्त तो सूर्य तुपाच्या डब्यात लावून दिला होतास! मी तणतणत घरी आलो आणि आक्काला सगळं सांगितलं. वाटलं, आता डबा उकिरड्यावर जाणार आणि तुला फोनवर कोल्हापुरी प्रसाद मिळणार. ती भाकरी थापत होती. म्हणाली, 'मला ठावं हाय. त्याला न्हाई म्हणायला जमत न्हाय, बारकं असल्यापास्नं. न्हाई म्हणायचं असलं की असं कायतरी लांबचं बोलतो. म्हणून काय झाड मारायचं व्हय?' आणि तव्यावरची भाकरी उलटली. अमरसिंह, मी या बाईबरोबर इतकी वर्षं संसार केला, पण त्या दिवशी मी तिच्याकडं जरा नव्यानं बघितलं.

झाड फाटकाजवळ लावलं, आणि तिथंच घोटाळा झाला, कारण फाटक म्हणजे गल्ली आणि गल्ली म्हणजे पेठ. हिमाचलातनं कोणीतरी आलंय ही बातमी संध्याकाळपर्यंत तालमीत पोचली. झाडाचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी त्याला 'पावणं' म्हणायला सुरुवात केली. एकदा पावणं म्हटलं की आपल्या लोकांचं काय होतं ते तुला सांगायला नको. आपल्याकडं दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग चहा, मग 'आता जेवूनच जावा', आणि तो नको म्हणाला की ताटात आणखी एक वाढायचं. तालमीचे वस्ताद सयाजीराव सकाळी जोर-बैठका झाल्या की एक बादली ओतायचे. दूधवाला किटली विसळून तेच पाणी घालायचा. भाजीवाली भाजीवर शिंपडून उरलेलं ओतायची. समोरच्या वहिनी दर रविवारी मटण धुतलेलं पाणी आणून घालायच्या, का तर परमुलखातलं लेकरू आहे, त्याच्या अंगात ताकद यायला पाहिजे. (ताकद मांजरांच्या अंगात आली. त्यांनी मुळाशी खड्डा काढला.) सयाजीरावांनी तर एकदा थंडाईचा गाळही घातला. आणि मी? मी पाईप लावून सगळ्यांच्या वर. घरचा यजमान मागं कसा राहील?

महिन्याभरात पावण्याची पानं पिवळी पडायला लागली. पेठेनं निदान केलं की पाणी कमी पडतंय, आणि सयाजीराव दोन बादल्या घालायला लागले. कोल्हापुरात पावण्याला उपाशी मरायची भीती कधीच नसते, जी असते ती वेगळीच असते. आक्का दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला फाटकाशी बोलावलं आणि विचारलं, 'शिरोलीला लोखंडाच्या भट्टीवर साच्याच्या वाळूत पाणी किती घालायचं, ते कसं कळायचं तुमास्नी?' मी अभिमानानं सांगितलं की त्यासाठी मीटर आला तो आमच्या नोकरीच्या शेवटी, आम्ही आपली मूठभर वाळू घेऊन दाबायचो. मुठीतला गोळा सुटला तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त, आणि गोळा राहिला पण हात कोरडा राहिला तर साचा नंबर एक! जास्त पाण्याच्या वाळूत लोखंड ओतलं तर ते उसळून अंगावर येतं, म्हणून त्यात हयगय नसायची. ती शांतपणे म्हणाली, 'जन्मभर वाळूला इचारून पाणी घातलंसा. मग ह्या मातीनं तुमचं काय वाईट केलंय?' मी पाईप गुंडाळला. माझीच विद्या, माझ्याच फाटकात, मलाच शिकवली, आणि तीही अशी की राग यायच्या आधी मला हसू आलं.

त्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. सकाळी झुंजुमुंजु झालं की ती मुळाजवळ उकिडवी बसते, चार बोटं खोल माती उकरते, मुठीत दाबते. गोळा राहिला तर हात झटकून उठते. सुटला तर पितळी तांब्यानं, हळूहळू, बुडाशी, पानाला थेंब न लावता पाणी घालते. घाई नाही, आग्रह नाही. पेठेला मात्र हे पटेना. आलेल्याला पाणी द्यायचं नाही म्हणजे काय? आक्का फाटकात उभी राहून एकेकाला परत पाठवायची. सयाजीरावांना ती म्हणाली, 'वस्ताद, तुमचं पोट भरल्यावर कुणी तोंडात घास कोंबला तर चालंल का तुमाला?' ते प्रामाणिकपणे म्हणाले, 'चालंल की वैनी!' आक्कानं बादलीच हातातनं काढून घेतली. वस्तादांची बादली बंद झाली आणि पानं हळूहळू हिरवी व्हायला लागली.

उन्हाळ्यात मी थोडं डोकं चालवलं. (इथं हसू नकोस.) आक्का भाचीच्या लग्नाला कागलला चार दिवस जाणार होती आणि पाणी माझ्या हवाली करताना तिचा चेहरा पोराला पहिल्यांदा शाळेत सोडल्यासारखा झाला होता. म्हणून मी ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणली, बाटली फाटकाला उलटी टांगली आणि नळी मुळाशी सोडली. थेंब-थेंब पाणी, मोजून-मापून. बेत उत्तम होता. पण झाडाला सलाईन लावलंय म्हटल्यावर पेठ गप्प बसेल का? दुपारपासून लोक भेटायला यायला लागले. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटं, कुणी 'डॉक्टर काय म्हणतात?' असं हळू आवाजात विचारलं. शहाळी मी प्यालो, कारण झाडाला नारळपाणी चालतं की नाही याची मला खात्री नव्हती. चौथ्या दिवशी आक्का आली, माती मुठीत दाबली, बाटलीकडं बघितलं आणि म्हणाली, 'बरं केलंसा.' माझ्या नोकरीत मला दोनदा उत्तम कामगार म्हणून हार घातला होता, पण त्या 'बरं केलंसा'ची सर त्याला नाही. तिनं मुळाभोवती उसाचं पाचट अंथरलं, त्यानं ओल टिकली, आणि उन्हाळा निघाला.

पावसाळ्यात प्रश्न उलटा. आपला पाऊस तुला ठाऊकच आहे, एकदा बसला की उठायचं नाव काढत नाही. आता आग्रह करणारा वरच बसलेला, त्याला फाटकातनं परत कसं पाठवायचं? आक्कानं आधी मुळाभोवती मातीचा उंचवटा केला आणि गटारापर्यंत चर काढला. तरी भागेना तेव्हा ती एसटीनं गगनबावड्याकडं गेली आणि एक इरलं घेऊन आली. भातलावणीच्या बायका पाठीवर घेतात तसलं, बांबूचं आणि पानांचं, अस्सल. ते तिनं झाडाच्या डोक्यावर बसवलं. सगळी पेठ बघायला आली. झाडाला पाणी घालणारे लोकांनी पाहिले होते, झाडाला पाण्यापासून राखणारी बाई कुणी पाहिली नव्हती. त्याच पावसात पंचगंगा चढली, उपसा केंद्र पाण्याखाली गेलं आणि चोहीकडं पाणीच पाणी असताना नळ मात्र कोरडे पडले. आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत, आणि पावणं इरलं घालून ऐटीत फाटकाशी! माणसं भिजत होती, झाड कोरडं होतं. मी चिडून काहीतरी बोललो, तर आक्का म्हणाली, 'माणसाला आडोशाला पळता येतंय.' मी घागर उचलली.

असे दोन-तीन उन्हाळे-पावसाळे काढले. आता यंदाच्या हिवाळ्याचा मुद्दा, ज्यात मी मेलो. तुला अर्धंच ठाऊक आहे, पूर्ण ऐक. कडाक्याची थंडी आली, यंदा पहिल्यांदाच झाडाची सगळी पानं गळाली. पेठ हळहळली. आक्का म्हणाली, झोपलंय, झोपलेल्याला पाणी पाजत नाहीत, आणि तिनं तांब्या जवळजवळ बंदच केला. मग एका रविवारी तिनं तुला फोनवर विचारलं होतं बघ, तिकडं झाडं हिवाळ्यात कशी असतात? तू सहज बोलून गेलास की मुळं दोन-दोन महिने बर्फाखाली असतात. तिनं फोन ठेवला आणि कुल्फीवाल्या आकारामकडं गेली. पौष महिना, कुल्फीला गिऱ्हाईक नाही. त्याला ती म्हणाली, रोज सकाळी बर्फाचा एक तुकडा आणून टाकत जा. रोज तुकडा यायचा, ती तो फोडून मुळाभोवती पसरायची, वर पाचट घालायची. सकाळचं पाणी झाडाला असं घट्ट करून दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. हे असं बरेच दिवस बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी आकारामला बाहेरगावच्या लग्नाची ऑर्डर होती, म्हणून त्यानं दोन-चार दिवसांचा बर्फ एकदम, अख्खी लादी, पोत्यात गुंडाळून, वर भुसा टाकून आमच्या ओसरीत आणून ठेवली आणि निघून गेला.

आक्का पहाटेच जोतिबाला गेली होती. मी घराला कुलूप लावून सायकलवरनं म्हशींच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलो. (डॉक्टरांना सांगू नकोस.) आमच्या दोघांत मिळून असलेला एकुलता फोन घरात चार्जिंगला. आता सयाजीरावांच्या डोळ्यानं बघ. दार बंद, कुलूप, फोन वाजतोय पण कुणी उचलत नाही आणि ओसरीत बर्फाची लादी. आपल्याकडं घरी लादी कधी येते? लांबचे नातेवाईक पोचेपर्यंत मढं ठेवायचं असेल तेव्हाच. म्हणजे रात्री दवाखान्यात नेलं असणार, तिथं आटोपलं असणार, आता आणतील, म्हणून बर्फ पुढं पाठवला. कोण गेलं, यावर थोडी चर्चा झाली. वहिनी, म्हणजे आक्का, काल संध्याकाळी बाजारात ताठ चालताना दिसल्या होत्या, म्हणजे जोतीरामच. तालमीच्या चौकातल्या फळ्यावर खडूनं माझं नाव चढलं. पोरांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्सही छापून आणला, त्यावर माझा गणपती विसर्जनातला काळा गॉगल घातलेला फोटो. समोरच्या वहिनींनी पिठल्याला फोडणी दिली, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही.

गप्पांच्या नादात मी दुपारी परत आलो तर गल्लीत ही गर्दी! सायकल भिंतीला लावली, मागं उभा राहिलो आणि पुढच्या गृहस्थाला विचारलं, 'कोण गेलं हो?' तो न वळता म्हणाला, 'जोतीराम.' मला खरोखर वाईट वाटलं. (आपल्या नावाचा दुसरा कुणी असेल असं माणसाला वाटतंच.) मी म्हणालो, 'अरेरे, भला माणूस होता.' तो म्हणाला, 'व्हय, भला व्हता. पर लई बोलायचा.' तेवढ्यात सयाजीराव वळले. माझ्याकडं बघून त्यांना आनंद झाला असेल असं तुला वाटेल. ते ओरडले, 'आवं, तुमी जित्ते हाय तर सांगायचं की! फ्लेक्स छापून झाला!' तोवर मुरगूडहून माझी बायडाबाई आत्या येऊन पोचली, हंबरडा फोडतच. मी पाया पडायला वाकलो तर तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि 'येवढं लांबनं आलीया तर रडून घेते' म्हणून ओसरीत बसून पुन्हा सुरू झाली. त्याच वेळी तुझी आक्का गल्लीत शिरली, जोतिबाच्या गुलालानं कपाळापासून खांद्यापर्यंत माखलेली. नवरा गेलेल्या बाईला गुलालात बघून, मी जिवंत असल्याचं अजून न कळलेल्या दोघी-तिघी मटकन खालीच बसल्या. आक्कानं कुणाला काही विचारलं नाही. लादीखाली साचलेलं पाणी बघितलं आणि कडाडली, 'बरफ असा उनात कुणी ठेवला?' सयाजीरावांच्या हातात बत्ता दिला, बाकीच्यांच्या हातात घमेली. माझ्या मयतीला आलेल्या माणसांनी तो सगळा बर्फ फोडून तुझ्या झाडाच्या मुळाशी घातला, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या दुःखाचं पिठलं-भाकरी खाल्ली. पिठलं झणझणीत होतं.

फोन बघितला तर तुझे कॉलच कॉल. सयाजीरावांचा पहिला निरोप नुसता 'जोतीरामभाऊंच्या घरी वाईट घडलं' एवढाच होता, नाव नव्हतं. मी फोन केला तेव्हा तू अंबाला स्टेशनवर होतास. माझा आवाज ऐकून तू 'बरं झालं' म्हणाला नाहीस, तू विचारलंस, 'आक्का बरी हाय न्हवं?' ती बरी आहे म्हटल्यावर तुझा श्वास मला इथं ऐकू आला. मग तू हसलास, गेस्ट हाऊस भरलेलं आहे म्हणालास आणि अंबाल्याहून माघारी फिरलास. म्हणजे मी मेलो असतो तर तू आला असतास. जिवंत राहिल्याचा मला असा पश्चात्ताप पूर्वी कधी झाला नव्हता. मी हे आक्काला तावातावानं सांगितलं. तिनं विचारलं, 'अंबाल्यापतूर आलता?' मी म्हणालो, आलता. तर ती समाधानानं म्हणाली, 'बघा, म्हणजे निघतोय तो.' आणि उरलेल्या बर्फावर पाचट ओढायला गेली. अशा माणसापुढं रागवून काय उपयोग, सांग.

तर असं आहे. आता उन्हं तापायला लागली आहेत. माझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाया जाऊ नये म्हणून आक्कानं तो दुपारच्या सावलीसाठी झाडाच्या पश्चिमेला बांधलाय. काळ्या गॉगलमुळं मला ऊन सोसतं, असं ती म्हणते. काल रंगपंचमीला पोरं पिचकाऱ्या घेऊन आली, तर सयाजीराव स्वतः झाडापुढं छाती काढून उभे राहिले आणि जांभळे होऊन घरी गेले. फुलाचं म्हणशील तर आक्का विचारील त्याला सांगते, 'न्हाय आलं.' तेव्हा तुझी अट जिथल्या तिथं आहे, तुला कसलीही घाई नाही. तिकडं तब्येतीला जप, कानाला मफलर गुंडाळ, इकडची काळजी मुळीच करू नकोस. आक्काचा तुझ्या पाठीवर हात आहेच, माझा दुरून कान पिरगाळलेला समज.

तुझा (एकदा मेलेला) दाजी,
जोतीराम

ता.क. फूल आलंय. गेल्या आठवड्यात, झुंजुमुंजु असताना आक्का माती बघायला बसली आणि बराच वेळ उठली नाही. मला वाटलं, गुडघा धरला. गेलो तर तिनं माझी मान धरून खाली वाकवली. फ्लेक्सच्या आडोशाला, आतल्या फांदीवर, बोटभर झुपका, फिकट जांभळा. वासानं मी जागच्या जागी गप्प झालो. (माझ्या मयतीतला तो पुढचा गृहस्थ असता तर त्यालाही आश्चर्य वाटलं असतं.) नर्सरीवाल्याला बोलावून दाखवलं, तो म्हणाला, असं होत नाही. झालं खरं. आक्का रडली, मीही रडलो, मग मी फोन काढला तुला फोटो पाठवायला, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, 'शब्दात अडकवून आणलेलं माणूस पावणंच ऱ्हातंय. त्याला आग्रह करायचा न्हाय. त्याचं त्याला वाटू दे.' आणि मला, सयाजीरावांना, साऱ्या गल्लीला जोतिबाची शपथ घातली, अमरला फोनवर सांगायचं नाही, फोटो पाठवायचा नाही. पेठेच्या इतिहासात टिकलेलं हे पहिलं गुपित. सयाजीरावांना त्यापायी पित्त झालंय.

दुसरा ता.क. शपथेत पोस्टाचं नाव नव्हतं. तिचं मन आभाळाएवढं आहे, माझं नाही, म्हणून लिहिलं. पण आता माझी एकच विनंती नीट ऐक. लगेच निघू नकोस! हे पत्र पोचेपर्यंत फूल अर्धं सुकलेलं असेल, ते पुरतं सुकू दे, गळू दे, मग पाडव्याच्या सुमारास ये. दारात उभा राहून तिला विचार, 'आक्का, फूल आलं का गं?' ती म्हणेल, 'न्हाय.' तू म्हण, 'असू दे.' एवढे दोन शब्द पाठ करून ये, बाकी तू काही बोलला नाहीस तरी चालेल.

तिसरा आणि शेवटचा. आल्यावर तुझ्यापुढं कुणी गूळ-पाणी आणणार नाही, तशी मी सयाजीरावांना आधीच ताकीद दिली आहे. तहान लागली तर तांब्या फाटकाजवळ आहे तिथंच आहे, हातानं घे.